११४ वर्षे टिकणारी हार्ड डिस्क?

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर तुम्ही पाहिले असेल. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ कोरलेला आहे. दगडावरची ती नोंद साडेनऊशेहून अधिक वर्षे टिकली. आता समजा, तुमच्या शाळेने जुन्या संगणकाचा स्वस्तातला फाइल सर्व्हर केला आणि त्यावर विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे व पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या. त्या किती काळ टिकतील?

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. लिहिणारे-वाचणारे टोक त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो! असे यंत्र कधीतरी बिघडणारच.

माहितीपत्रकात मात्र ‘बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास’ असे छापलेले आढळते. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार करा, उत्तर येते ११४ वर्षे. मग एक डिस्क ११४ वर्षे चालेल का? नाही. या आकड्याचा अर्थ असा, की अशा १,००० डिस्क वर्षभर चालविल्या तर सुमारे ९ बिघडतील. त्या नऊंत तुमची असेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. पण २००७ साली गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्क अभ्यासल्या, तेव्हा बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती.

म्हणून निवड करताना काय पाहावे? सतत चालण्यासाठी बनविलेली आणि अधिक वर्षांची हमी असलेली डिस्क घ्यावी. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढविलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे सर्व्हरसाठी अशी डिस्क टाळावी. जुनी डिस्क घेतलीच, तर ती किती तास चालली आहे ते तिच्याच नोंदीत पाहावे.

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवला, तर एक बिघडली तरी काम चालते. पण चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून पुसली जाते! शिवाय पाणी डिस्क निवडून भिजवत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, हे आठवा. म्हणून बदलापूर असो की उल्हासनगर, सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवा आणि तिसरी प्रत शाळेबाहेर, उंचावरच्या जागी.

आता एक प्रयोग. दर महिन्याला त्या तिसऱ्या प्रतीतील कोणतीही एक फाइल उघडून पाहा. उघडली, तरच तुमची नोंद सुरक्षित!