जव्हार-मोखाड्याची बातमी कोण सांगणार?

पावसाळा लागला की मुंबई, ठाणे आणि नाशिककडच्या गाड्या जव्हारच्या दिशेने धावू लागतात. दाभोसा, काळमांडवी, हिरडपाडा येथील धबधबे, मुकणे राजांचा राजवाडा, धुक्यात बुडालेले रस्ते यांच्या चित्रफिती फेसबुक-इन्स्टाग्रामवर फिरू लागतात. 'मुंबईजवळचा स्वर्ग' असे नावही कोणी देतो. हजारो लोक ते पाहतात आणि पुढच्या रविवारी आणखी गाड्या येतात. याच हौसेपायी मे २०२४ मध्ये एका तरुणाने दाभोसा येथे उंचावरून पाण्यात उडी मारली आणि जीव गमावला. त्या उडीचीही चित्रफीत निघाली आणि तीही लोकांनी चवीने पाहिली.

याच दोन तालुक्यांतून दुसऱ्या प्रकारच्या चित्रफितीही निघतात. ऑगस्ट २०२२ मध्ये देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत होता. त्याच आठवड्यात मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत एका आदिवासी मातेची जुळी बाळे जन्मताच दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला रस्ता नसल्यामुळे निसरड्या दगडांतून डोली करून न्यावे लागले. जून २०२५ मध्ये याच तालुक्यातील एका बापाने नाशिकच्या रुग्णालयातून आपल्या मृत बाळाचा देह पिशवीत घालून एसटीने गावी आणला. रुग्णवाहिका मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०१६ मध्ये तत्कालीन आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा मोखाड्यातील खोच येथे गेले होते. सहाशे बालके दगावल्याकडे लक्ष वेधले असता 'मग काय झाले?' अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आणि ती चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. स्वतः आदिवासी असलेल्या मंत्र्याच्या तोंडून हे शब्द निघावेत, यावरून सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर माणसाचे काय होते ते समजावे!

म्हणजे जव्हार-मोखाडा जगाला दोनच वेळी दिसतो. धबधबा कोसळतो तेव्हा आणि मूल मरते तेव्हा. या दोन्हींच्या मधला जो आदिवासी माणूस आहे, जो वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तेथे जगतो, तो कोठे आहे?

ही तऱ्हा मोबाईलपासून सुरू झालेली नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कोठे वर्तमानपत्रांना या तालुक्याचे नाव कळले. नंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आले, योजना आल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी तर ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हाच झाला. तरीही बातमी होण्यासाठी आदिवासीला मरावे लागते, हा नियम काही बदलला नाही.

चळवळीच्या वाचकाला हे दुखणे नव्याने सांगण्याची गरज नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो याचसाठी. त्या काळची पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध सांभाळतात, बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत जागा नाही, हे त्यांनी पहिल्याच अंकात मांडले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभे राहू शकले. त्या काळी छापखाना, कागद, टपाल या सगळ्याला पैसा लागे. आज वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पोरापोरींच्या हातात मोबाईल आहे. अनेक पाड्यांत रेंज नसते, ती शोधत टेकडी चढावी लागते, पण छापखाना खिशात आला आहे हे नाकारता येत नाही.

आणि ही मुले त्याचा उपयोग करीत आहेत. राब भाजण्यापासून नागली-वरईच्या लावणीपर्यंत, बोहाड्याच्या सोंगांपासून तारप्याच्या नाचापर्यंत सारे ती टिपतात. पहिल्या पावसात शेवळे उगवतात. त्यांना खाज असते, म्हणून काकडाची फळे घालून ती शिजवायची, हे शहरातला निसर्गप्रेमी कोठून सांगणार? तो धबधब्यापुढे पाठ करून उभा! डहाणू-पालघर भागातील 'आयुश' म्हणजे आदिवासी युवा शक्ती या मंडळींनी तर समाजमाध्यमांतून आदिवासी अस्मिता, वारली कला आणि हक्कांची चर्चा वर्षानुवर्षे चालवली आहे. परंतु ती पाहणारे कितीजण? प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या कार्यकर्त्यांनीही डोलीची चित्रफीत तावातावाने पुढे पाठवली, नागलीची नाही.

पाण्याचेच घ्या. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे आहे. त्याच मोखाड्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, बायाबापड्यांना हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरावे लागते. हंड्याचा फोटो दरवर्षी छापून येतो. मात्र त्या फोटोत धरण नसते. आणि धरणाच्या फोटोत हंडा नसतो. दोन्ही एका चित्रात दाखवणारा स्थानिक मुलगाच असू शकतो, कारण दोन्ही ठिकाणी तो पायी जाऊन आलेला असतो.

पण मोबाईल हे दुधारी शस्त्र आहे, हेही विसरून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरील अफवेने जमाव पिसाळला आणि भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच निष्पाप जीव ठेचून मारले गेले. मारणारेही गरीब, मरणारेही गरीब. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्यानंतर काही मंडळींनी त्याला धार्मिक रंग देण्याचा उद्योग केला. अखेर गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादी जाहीर करून, यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. अफवा आदिवासी पाड्यावर येते, तिथून तुरुंगात आदिवासी जातो आणि तिचे राजकारण मात्र दिल्ली-मुंबईत बसलेले लोक करतात.

तेव्हा पाठवायचे काय आणि कसे, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायला हवा. पाड्याचे नाव, तारीख आणि कोणी टिपले ते नसेल तर ती चित्रफीत कोणाचीही होते. उद्या रस्त्याच्या मागणीला ती जोडायची झाली तर साहेब पहिल्यांदा तेच विचारतो. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, वनहक्क कायदा २००६ पासून आहे. ग्रामसभेचा ठराव, वनदाव्याची पोच, रेशन दुकानावरचा फलक यांचे फोटो रंगतदार नसतील, पण कार्यालयात तेच कामाला येतात. आणि डोलीतल्या मातेचा चेहरा झाकावा. आपल्या बहिणीचा फोटो आपण असा जगभर पाठवला असता काय?

या पावसाळ्यात आपल्यापैकीही अनेकजण दाभोशाला जातील. जावे. फोटो टाकताना धबधब्याशेजारच्या पाड्याचे नाव लिहावे, आणि जो मुलगा वाट दाखवायला येतो त्याला विचारून त्याने स्वतः टिपलेले काय आहे ते त्याच्या नावासह पुढे पाठवावे.