ल्युपस, नाजूक त्वचा आणि सनस्क्रीन : ट्यूबवरचा आकडा चेहऱ्यावर किती उतरतो?

ल्युपसचं निदान झालं की डॉक्टर औषधांबरोबर एक सूचना हमखास देतात : उन्हापासून जपा, सनस्क्रीन लावा. पण कोणतं? दुकानात गेलं की ३०, ५०, चार अधिक चिन्हं, 'मिनरल', 'जेल', 'मॅट' असा गोंधळ समोर येतो. त्यात चेहरा आधीच लालसर आणि काहीही लावलं की चरचरणारा. मग बरेच जण एक साधा मार्ग काढतात : सगळ्यात मोठा आकडा विकत घ्यायचा आणि झोंबू नये म्हणून अगदी थोडंसं लावायचं. गंमत अशी, की संशोधन नेमकं याच्या उलट सांगतं. ते कसं, ते बघूया.

ऊन आणि ल्युपस यांचं नातं

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कुणाच्याही त्वचेतल्या काही पेशी मरतात. एरवी शरीर हा कचरा गुपचूप साफ करतं. १९९४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की मरणाऱ्या त्वचापेशींच्या पृष्ठभागावर छोटे फुगवटे येतात आणि पेशीच्या आत दडलेले काही घटक त्यांत गोळा होऊन बाहेरच्या बाजूला येतात. 'रो' नावाचं प्रथिन त्यांपैकीच एक. तुमच्या रक्ततपासणीत 'अँटी-रो' किंवा 'एसएसए' पॉझिटिव्ह असं लिहिलं असेल, तर तो हाच रो.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती या आपल्याच घटकांना शत्रू समजते. शिवाय कचरा साफ व्हायलाही वेळ लागतो. त्यातून दाह वाढतो आणि गालांवर, नाकावर, कानांवर चट्टे उठतात. काहींच्या बाबतीत प्रकरण त्वचेवर थांबत नाही, सांधेदुखी आणि थकवाही उफाळून येतो. म्हणून ल्युपसमध्ये सनस्क्रीनला सौंदर्यप्रसाधन न समजता उपचाराचा भाग समजायला हवं.

एसपीएफ काय मोजतो, काय मोजत नाही

एसपीएफ हा आकडा त्वचा लाल होण्यावर आधारलेला आहे, आणि त्वचा लाल करण्याचं काम मुख्यतः यूव्हीबी किरण करतात. पूर्ण मात्रेत लावलं तर एसपीएफ ३० असलेलं क्रीम त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी साधारण ३.३ टक्के आत येऊ देतं, एसपीएफ ५० असलेलं २ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मधला फरक वाटतो तेवढा मोठा नाही.

यूव्हीए किरणांची गोष्ट वेगळी. ते सकाळ-संध्याकाळही असतात, ढगाळ दिवशीही असतात आणि साध्या काचेतून आत येतात. बसच्या खिडकीशेजारची जागा म्हणजे सावली नव्हे. जर्मनीत ल्युपसच्या रुग्णांच्या त्वचेच्या छोट्या भागावर नियंत्रित किरण टाकून चाचण्या झाल्या, तेव्हा काहींना नुसत्या यूव्हीएनेही चट्टे आले. म्हणून एसपीएफच्या शेजारी यूव्हीएची खूण शोधायची. 'पीए' ही जपानी पद्धत. त्यात चार अधिक चिन्हं म्हणजे यूव्हीएपासूनचं संरक्षण १६ किंवा त्याहून जास्त. युरोपीय ट्यूबवर गोलात 'यूव्हीए' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे.

सनस्क्रीनने ल्युपसमध्ये खरंच फरक पडतो का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात २५ रुग्णांच्या पाठीवर एका भागात यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं सनस्क्रीन, दुसऱ्या भागात तसंच दिसणारं पण किरण न अडवणारं क्रीम लावलं आणि तिसरा भाग मोकळा ठेवला. नुसत्या क्रीमच्या भागावर १४ जणांना चट्टे आले. सनस्क्रीनच्या भागावर एकालाही नाही.

पण तुम्ही लावता किती?

खरी मेख इथे आहे. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. माणसं रोजच्या वापरात किती लावतात, हे मोजलं गेलंय. बहुतेक वेळा ०.५ ते १ मिलिग्रॅम. आणि क्रीम कमी लावलं की संरक्षणही साधारण त्याच प्रमाणात घटतं.

आता घरगुती हिशोब करू. चेहऱ्याचं क्षेत्रफळ साधारण ५०० ते ६०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका वेळेला १ ते १.२ ग्रॅम क्रीम हवं. ५० ग्रॅमची ट्यूब मग ४० ते ५० वेळा पुरते. रोज एकदा लावलं तर जेमतेम दीड महिना, दोनदा लावलं तर तीन-साडेतीन आठवडे. तुमची ट्यूब रोज एकदा लावून चार महिने पुरत असेल, तर तुम्ही साधारण ४० टक्केच मात्रा लावताय. ट्यूबवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर उतरतात २०. त्यापेक्षा पूर्ण मात्रेत लावलेलं ३० बरं!

मोजायला सोपा उपाय : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. एकदम जड वाटत असेल तर आधी एक रेघ लावा, पाचेक मिनिटांनी दुसरी. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर पुन्हा.

म्हणून 'सौम्य' हवं

सौम्य क्रीम का निवडायचं, याचं उत्तर आता लक्षात येईल. जे झोंबतं, जे चेहरा राखेसारखा पांढरट करतं, ते माणूस दोन बोटं भरून लावतच नाही. सौम्यपणाशिवाय पूर्ण मात्रा शक्य नाही.

*सुगंध नको.* घटकांच्या यादीत 'परफ्यूम', 'फ्रॅग्रन्स' किंवा इसेन्शियल ऑइल असेल तर ती ट्यूब परत ठेवा. 'नॅचरल' या शब्दावर भुलू नका. लिंबूवर्गीय फळांच्या काही तेलांमुळे उन्हात त्वचा उलट पोळते.

*झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड.* हे खनिज फिल्टर ॲलर्जीच्या बाबतीत सगळ्यात निर्धोक मानले जातात. ते आरशासारखे किरण परतवतात असं सर्रास सांगितलं जातं, पण प्रत्यक्षात ते बहुतांश किरण शोषून घेतात. दोघांत झिंक यूव्हीएचा जास्त मोठा पट्टा अडवतं.

*रंग असलेलं, म्हणजे टिंटेड.* सावळ्या-गव्हाळ त्वचेवर झिंकचा पांढरट थर उठून दिसतो. टिंटमधल्या आयर्न ऑक्साइडमुळे तो लपतो. शिवाय आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं. २०१० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवर गडद आणि टिकाऊ काळपटपणा येतो. ल्युपसचे चट्टे बरे होताना मागे डाग ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा.

*रासायनिक फिल्टर सगळेच वाईट नाहीत.* ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रायलीन यांची उन्हात ॲलर्जी होण्याची उदाहरणं बरीच आहेत, ते टाळलेलं बरं. बेमोट्रिझिनॉलसारखे नवे फिल्टर मात्र उन्हात टिकतात, दोन्ही प्रकारचे किरण अडवतात आणि पांढरट थरही ठेवत नाहीत. जेल घेताना अल्कोहोल बघा. डोळ्यांभोवती झोंबण्याचं ते एक नेहमीचं कारण.

नवीन ट्यूब घेतल्यावर

थेट पूर्ण चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावा, मग कानाखाली जबड्यावर दोन-तीन दिवस. 'चालतंय का बघू' म्हणून मुद्दाम उन्हात जायचं नाही.

वेळेचं गणितही लक्षात ठेवा. लावल्या लावल्या झोंबलं, तर बहुधा क्रीम चिडवतंय. एक-दोन दिवसांत खाजरं पुरळ आलं, तर ॲलर्जीची शंका. ल्युपसचे चट्टे मात्र उन्हानंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी येतात आणि रेंगाळतात. त्यामुळे 'काल उन्हात गेले, काही झालं नाही' हा पुरावा नव्हे आणि आजच्या चट्ट्याचं खापर आजच्या क्रीमवर फोडणंही बरोबर नाही. चट्टा दिसला की फोटो काढा, तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

दोन गोष्टी सनस्क्रीनने भागत नाहीत. एक, टोपी, छत्री, ओढणी : कापड पुसलं जात नाही आणि त्याची मात्राही चुकत नाही. दुसरी, ड जीवनसत्त्व : ऊन टाळणाऱ्यांनी त्याची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. आणि सनस्क्रीन सुरू केलं म्हणून चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत.

पुढची ट्यूब उघडाल तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख टाका. ती संपेल त्या दिवशी तुमचा खरा एसपीएफ कळेल.