भातास जस्त : पोत्यांतून कीं बाटलींतून?

दिवा स्टेशनाच्या आसपास जेथें आज इमारतींच्या रांगा दिसतात, तेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं. ठाणें-कल्याण पट्ट्यांत ज्यांच्यापाशीं अद्यापि खाचर किंवा खार जमीन उरली आहे, त्यांस एकेका गुंठ्याचें पीक मोलाचें झालें आहे. अशा वेळीं दुकानांत 'नॅनो' खतांच्या बाटल्या आल्या आहेत. त्यांवर पैसा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंस पडणें साहजिक आहे.

लावणीनंतर दोन-चार आठवड्यांनीं रोप खुजें राहतें, खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके उमटतात आणि कोंवळ्या पानांची मधली शीर बुडाशीं पांढुरकी पडते. उत्तरेकडे यास 'खैरा' म्हणतात. हा रोग जंतूंचा नसून जस्ताच्या उणीवेचा आहे, हें पंतनगर येथील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें. खाचरांत पाणी सांचून राहिलें म्हणजे जमिनींत असलेलें जस्तही विरघळेनासें होतें व मुळांस मिळत नाहीं. खार जमिनींत ही अडचण अधिकच वाढते.

यावरील रूढ उपाय म्हणजे एकरीं १० किलो झिंक सल्फेट. त्यांत सुमारें २ किलो जस्त असतें. परंतु एकरीं २० क्विंटल भात देणारें पीक साऱ्या हंगामांत जेमतेम १०० ग्रॅम उचलतें. बाकीचें मातींतच अडकून राहतें. नॅनो खताची कल्पना येथूनच निघाली. नॅनोमीटर म्हणजे सेंटिमीटराचा एक कोटीवा भाग. असे १ ते १०० नॅनोमीटरांचे कण पानांवर फवारले असतां ते सहज आंत शिरावेत, असा हेतु आहे. इफकोच्या द्रवरूप नॅनो जस्तास केंद्र सरकारनें २०२४ सालीं मान्यता दिली.

तथापि कण लहान झाला म्हणून हिशेब चुकत नाहीं. २०२१ सालीं मान्य झालेल्या नॅनो युरियाचेंच पाहा. ४ टक्के नत्राच्या अर्ध्या लिटर बाटलींत नत्र २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणींत २० किलोंहून अधिक. लुधियानाच्या कृषि विद्यापीठानें शिफारशीच्या नत्राचा कांहीं भाग कमी करून त्याजागीं नॅनो युरिया फवारून पाहिला, तेव्हां भात व गहूं दोहोंचें उत्पन्न घटलें. जस्ताची गरज मुळांतच अल्प असल्यामुळें तेथें फवाऱ्यास अधिक वाव आहे, हें खरें. पण बाटलींत किती ग्रॅम जस्त आहे, हें चिठीवरून मोजल्यावांचून ती घेऊं नये. तुलनेसाठीं ध्यानांत ठेवावें कीं, २०० लिटर पाण्यांत १ किलो झिंक सल्फेट व अर्धा किलो विझवलेला चुना घालून केलेल्या फवाऱ्यांत २१० ग्रॅम जस्त जातें.

आमची सूचना अशी : प्रथम माती तपासून घ्यावी. किलोभर मातींत उपलब्ध जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी असेल तरच या खर्चाचा विचार करावा. मग एकाच खाचरांत तीन सारखे पट्टे आंखावेत. एक तसाच ठेवावा, एकावर झिंक सल्फेट व एकावर नॅनो जस्त फवारावें. आमच्या कोंकणांत आषाढ-श्रावणाचा पाऊस फवारा धुऊन नेतो. म्हणून चांगली उघाड पाहूनच फवारणी करावी, आणि तोंड-नाक फडक्यानें झांकून घ्यावें. कापणीनंतर तिन्ही पट्ट्यांची झोडणी वेगळी करून भात वेगळें तोलावें.

जाहिरातीवर विसंबूं नये, तसेंच नव्याचा तिटकाराही करूं नये. आपल्या खाचरांतल्या तीन पट्ट्यांचा तराजू जें सांगेल, तेंच पुढील हंगामीं करावें.