एलिसला सोडलं, करीला ठेवलं

13 मार्च 2012. गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाने आपला लाडका गार्ड मॉन्टा एलिस मिलवॉकी बक्सला देऊन टाकला. 2005च्या ड्राफ्टमध्ये 40व्या क्रमांकावर, थेट शाळेतून आलेला हा खेळाडू 2009-10च्या मोसमात सामन्यामागे 25.5 गुण काढत होता. बचावात मात्र तो तोकडा पडे, आणि शेजारी स्टीफन करीही त्याच चणीचा. दोघांना एकत्र खेळवलं की उंच गार्ड त्यांच्या डोक्यावरून बास्केट करत. बदल्यात आलेला सेंटर अँड्र्यू बोगट घोटा मोडून बसलेला! सहाच दिवसांनी, संघाचा माजी खेळाडू ख्रिस मुलिनच्या जर्सी-निवृत्तीच्या सोहळ्यात मालक जो लेकब बोलायला उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली.

राग समजण्यासारखा होता. पडत्या काळात एलिसनेच संघ ओढला होता. तरीही निर्णय बरोबरच. गुण काढायला क्ले थॉम्पसन संघात आलेलाच होता, अधिक उंच आणि बचावातही पक्का. रिंगची राखण करणारा सेंटर मात्र सहजी हाती लागत नाही. 2015मध्ये वॉरियर्सने 40 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. त्या मोसमातल्या बहुतेक सामन्यांत बोगट सुरुवातीच्या पाचांत होता.