गांधीहत्येनंतरचे दोन न्याय

शुक्रवार, ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं ५ वाजून १७ मिनिटांनीं, नवी दिल्लींतील बिर्ला भवनांत प्रार्थनेस निघालेल्या महात्मा गांधींवर नथुराम गोडसे यानें तीन गोळ्या झाडल्या. दहाच दिवसांपूर्वीं, २० जानेवारीस, त्याच आवारांत स्फोट झाला होता व मदनलाल पाहवा जागींच पकडला गेला होता. तरीहि कट उधळला गेला नाहीं.

श्रोतेहो, फाळणीच्या कत्तली नुकत्याच होऊन गेल्या होत्या. मारेकऱ्याचा धर्म न सांगतां ही वार्ता पसरती, तर संशय मुसलमानांवर जाऊन रक्तपात माजण्याचें भय होतें. म्हणून ऑल इंडिया रेडिओनें सहा वाजतां वार्ता दिली, तेव्हां मारेकरी हिंदु असल्याचेंहि सांगितलें. तो अनर्थ टळला.

महाराष्ट्रांत मात्र धर्माच्या जागीं जात आली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे हें कळतांच पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमावांनीं ब्राह्मणांचीं घरें व दुकानें जाळलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. मुंबईंत डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकींत जबर जखमी झाले. १९४९ सालीं ते निवर्तले. ज्याच्या मृत्यूचा हा सूड, त्यानें जन्मभर सूडाचा निषेध केला होता. याच दिवसांत साने गुरुजींनीं २१ दिवसांचें उपोषण केलें.

दुसरा न्याय लाल किल्ल्यांत, न्यायमूर्ति आत्माचरण यांच्या विशेष न्यायालयांत चालला. आरोपी आठ होते. ता. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल लागला: नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फांशी, पांच जणांस जन्मठेप, आणि विनायक दामोदर सावरकर पुराव्याअभावीं निर्दोष. जून महिन्यांत वरिष्ठ न्यायालयानें आणखी दोघांस सोडलें. म्हणजे राष्ट्रपित्याच्या वधाच्या खटल्यांतहि आठांपैकीं तिघे सुटले. न्यायालयानें प्रत्येकाचें कृत्य वेगळें तपासलें. जमावानें केवळ आडनांव विचारलें.

मणिलाल व रामदास या गांधीजींच्या पुत्रांनीं गुन्हेगारांस फांशी देऊं नये अशी विनंति केली. ती मान्य झाली नाहीं, ता. १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्यास दोघांस फांशी देण्यांत आली. पित्याचा वध झालेल्या पुत्रांना जें सुचलें, तें गांधींच्या नांवानें मशाली घेऊन निघालेल्यांना सुचलें नाहीं, हें महाराष्ट्रानें विसरूं नये.