बाळाचे फोटोशूट : आधी श्वास, मग पोझ

बारशाच्या आसपास बाळाचे फोटोशूट करण्याची हौस आता अनेक घरांत दिसते. मात्र नवजात बाळाचे डोके जड आणि मान अशक्त असते. टोपलीत बसवताना हनुवटी छातीला टेकली, की श्वासमार्ग अरुंद होऊन श्वास अडखळू शकतो. हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाचा फोटो बहुधा दोन फोटो जोडून केलेला असतो. डोक्याला आधार देणारा हात नंतर पुसतात. ती पोझ घरी करू नये. बाळाला आधी पाजावे, खोली उबदार ठेवावी, सर्दी-खोकला असलेल्यांनी दूर राहावे. थोरले भावंड मांडीवर घेणार असेल, तर मोठ्या माणसाने शेजारीच बसावे. बाळाचे ओठ निळसर दिसल्यास मान सरळ करून तातडीने रुग्णालय गाठावे.