पेशीला वयात आणताना

१९८५ साली शांघायमध्ये ५ वर्षांची एक मुलगी रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ झाली होती. केमोथेरपीचा उपयोग होत नव्हता. डॉ. वांग झेन्यी यांच्या पत्नी तिच्याच रुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांच्याकडून हे कळल्यावर वांग यांनी रेटिनॉइक आम्ल देऊन पाहायचे सुचवले. अ जीवनसत्त्वाच्याच कुळातले हे रसायन तिकडे त्वचारोगासाठी वापरले जाई. आईवडिलांनी होकार दिला आणि महिन्याभरात मुलगी सावरली.

आजार होता अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. जंतूंशी लढणारी पांढरी पेशी अस्थिमज्जेत टप्प्याटप्प्याने घडते. पूर्ण वाढली की ती रक्तात उतरते, दिवसभर राबते आणि ठरल्याप्रमाणे स्वतःला संपवते. या स्वतःहून येणाऱ्या मरणाला अपोप्टोसिस म्हणतात. या ल्युकेमियात पेशी अर्ध्या वाटेवरच अडकतात. वाढ पुरी होत नाही, म्हणून मरणही येत नाही. विभाजन मात्र चालूच राहते. पाहता पाहता मज्जा अशा अल्पवयीन पेशींनी भरून जाते.

ही अडवणूक कोण करते? १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की या रुग्णांत १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून एक जोडप्रथिन तयार होते. त्याचा एक भाग रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक, म्हणजे ते आम्ल पकडणारे प्रथिन, असतो. निरोगी पेशीत शरीरातले जरासे आम्लही या ग्राहकाला पुरते आणि वाढीची जनुके जागी होतात. जोडप्रथिन मात्र तेवढ्याने बधत नाही, त्या जनुकांवर ठाण मांडून बसते. औषधाचा मोठा डोस मिळाला की ते हटते आणि थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो याचा सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा. उपचारानंतर रक्तात दिसणाऱ्या प्रौढ पेशींत कर्करोगाच्या जुन्या खुणा सापडल्या. म्हणजे रोगट पेशी मारून त्यांच्या जागी नव्या आल्या, एवढेच घडले नव्हते. त्याच पेशी वयात आल्या होत्या, आणि आता आपल्या मरणाने मरणार होत्या. १९८८ मध्ये वांग यांच्या गटाने २४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांतले २३ या एकाच औषधाने रोगमुक्त अवस्थेत पोहोचले होते.

पण एकट्या आम्लावर आजार बहुधा उलटे. त्याला जोड मिळाली सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची. हार्बिनचे झांग तिंगदोंग १९७० च्या दशकापासून एका गावठी औषधावरून आर्सेनिकचे प्रयोग करत होते. आर्सेनिक जोडप्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटते आणि पेशीतली सफाई यंत्रणा ते प्रथिनच मोडीत काढते. कमी मात्रेत पेशी प्रौढ होते, जास्त मात्रेत थेट अपोप्टोसिसला लागते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ पासून नव्या रुग्णांना नुसते आर्सेनिक देऊन बरे करण्याचे काम झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली आणि जर्मनीतल्या चाचणीत, फार गंभीर नसलेल्या रुग्णांना केमोथेरपीविना आम्ल आणि आर्सेनिकची जोडी दिली होती. दोन वर्षांनंतर त्यांतले ९७ टक्के आजार न उलटता जिवंत होते. आम्ल आणि केमोथेरपी घेतलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते.

धोका उरतो सुरुवातीच्या काळाचा. लाखो पेशी एकदम प्रौढ होऊ लागल्या की ताप येतो, धाप लागते, अंगावर सूज चढते. तेव्हा स्टेरॉइड द्यावे लागते. त्याहून घातक या आजारातला रक्तस्राव. तो मेंदूत झाला तर काही तासांत सारे संपते. म्हणून गुणसूत्रांचा अहवाल येईपर्यंत डॉक्टर थांबत नाहीत. नुसत्या संशयावर रेटिनॉइक आम्लाची पहिली गोळी दिली जाते.